पिकअप ट्रकचे तारे नेमके काय सांगतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहनविषयक पुरवणीत अमेरिकेतील मोठ्या पिकअप ट्रकांचा परिचय करून देताना ‘धडकेच्या चाचण्यांत पाच तारे मिळवलेला ट्रक ही रस्त्यावरची सर्वांत सुरक्षित गाडी’ अशा अर्थाचे विधान करण्यात आले आहे. बरीच वर्षे टेक्सासमध्ये राहत असल्यामुळे, आणि मागच्या हिवाळ्यात भाच्यासाठी असाच ट्रक शोधताना महिनाभर या चाचण्यांच्या कोष्टकांत डोके घालून बसावे लागल्यामुळे, त्या विधानातील गफलत दाखवणे मला आवश्यक वाटते.

हे तारे एनएचटीएसए ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची रस्ते-सुरक्षा संस्था देते. तिच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ५६ किलोमीटर वेगाने पक्क्या भिंतीवर सरळ आदळवली जाते. भिंत हलत नाही की दबत नाही, त्यामुळे प्रत्येक गाडीला आपल्याच वजनाचा मार पचवावा लागतो. अडीच टनांचा ट्रक आणि दीड टनाची मोटार तिथे एकमेकांसमोर येतच नाहीत. म्हणूनच समोरच्या धडकेच्या ताऱ्यांची तुलना वजनात फार तर २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोंचा, फरक असलेल्या गाड्यांतच करावी, असे ही संस्था स्वतःच सांगते. शिवाय मालासकट कमाल वजन १०,००० पौंडांहून (सुमारे साडेचार टन) अधिक ठरवलेल्या ट्रकांना ती तारे देतच नाही. शोरूममध्ये मात्र हे थोरले ट्रक धाकट्यांच्या शेजारीच उभे असतात, आणि नावही तेच लावतात.

विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी आयआयएचएस ही दुसरी संस्था तारे न देता शेरे देते, आणि तिचे निकाल मला अधिक बोलके वाटतात. गाडीच्या रुंदीचा ४० टक्के भाग ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवण्याच्या तिच्या चाचणीत २००१ साली फोर्ड एफ-१५० आणि डॉज रॅम १५०० यांना ‘निकृष्ट’ शेरा मिळाला, तर टोयोटा टुंड्राला ‘चांगला’. नव्या बांधणीच्या २००४ च्या एफ-१५० ने तीच चाचणी ‘चांगला’ शेरा घेऊन पार केली. तेव्हा ‘एफ-१५० सुरक्षित आहे का?’ हा प्रश्न साल सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

साल सांगूनही भागत नाही. २०१२ पासून या संस्थेने गाडीचा फक्त २५ टक्के कोपरा आदळवण्याची चाचणी सुरू केली. तीत टक्कर मुख्य चौकटीच्या बाहेरून जाते आणि पुढचे चाक थेट चालकाच्या पायांकडे ढकलले जाते. २०१५ च्या एफ-१५० मध्ये फोर्डने चाक अडवण्यासाठी जादा पोलादी भाग बसवले, पण ते मोठ्या ‘सुपरक्रू’ कॅबला (कॅब म्हणजे ट्रकमधली माणसे बसण्याची केबिन). मागची जागा आखूड असलेल्या ‘सुपरकॅब’ला ते दिले नाहीत. सुपरक्रूला ‘चांगला’ शेरा मिळाला. सुपरकॅबमध्ये स्टीअरिंगचा दांडा जवळपास वीस सेंटिमीटर मागे सरकला, पायाखालचा पत्रा आणि ब्रेकचे पेडल आत घुसले, आणि चालकाच्या जागी बसवलेल्या चाचणीच्या पुतळ्याचे डोके एअरबॅगला जेमतेम लागून डावीकडे घसरले. साल तेच, नाव तेच, जाहिरातही तीच! ही चाचणी गाजल्यावर पुढच्या वर्षीच्या सुपरकॅबला ते भाग मिळाले, आणि २०१६ साली या संस्थेने केलेल्या मोठ्या पिकअपांच्या तुलनेत दोन्ही कॅबसाठी ‘चांगला’ मिळवणारा एफ-१५० हा एकटाच मोठा पिकअप ठरला. यावरून मोठी कॅब बरी असा नियम बांधावा, तर त्याच तुलनेत शेव्हरोले सिल्व्हराडो आणि टोयोटा टुंड्रा यांच्या मोठ्या कॅबना लहान कॅबपेक्षा खालचा शेरा मिळाला आहे. भाच्याला जुनाच ट्रक परवडणार होता, त्यामुळे आम्ही विक्रेत्याला आधी साल आणि कॅब विचारत होतो, आणि तो दर वेळी रंग आणि मायलेज सांगत होता.

या सगळ्या चाचण्या आत बसलेल्यांच्या आहेत. आमच्या शेजाऱ्याचा ट्रक घरासमोर उभा असतो. त्याच्या बॉनेटची पुढची कड मी एकदा टेपने मोजली, तर ती जमिनीपासून ४४ इंच भरली. माझी सहा वर्षांची नात तिच्यापुढे उभी राहिली की चालकाच्या जागेवरून तिच्या केसांचा शेंडाही दिसत नाही. आयआयएचएसने पादचाऱ्यांच्या सुमारे १८,००० अपघातांचा अभ्यास करून २०२३ साली असे दाखवले, की ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा ४० इंचांहून उंच बॉनेटची गाडी पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असते. मात्र ट्रकच्या काचेवर चिकटवलेल्या ताऱ्यांच्या कागदावर या बाबीसाठी एक रकानाही नाही.

आपली पुरवणी अनेक घरांत गाडी घेण्यापूर्वी वाचली जाते, आणि इथली मराठी कुटुंबेही ती संगणकावर वाचतात. तेव्हा यापुढे अशी तुलना छापताना चाचणी कोणाची, कोणत्या सालच्या गाडीची आणि कोणत्या कॅबची, एवढे तीन तपशील ताऱ्यांशेजारी द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ह्यूस्टन (टेक्सास)