जाड दोरा, बारीक दोरा

आंजर्ले, मे अखेर

प्रिय बाळ्या,

आंबे संपत आले, उकाडा संपत नाही. काल तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडाशी बसलो होतो, तेव्हा आपला भूगोलाचा तास आठवला. नकाशावर दोरा लावून महाराष्ट्राचा किनारा मोजायचा होता. पुस्तकात ७२० किलोमीटर. माझ्याकडे गोधडीचा जाड दोरा, तुझ्याकडे शिवणाचा बारीक. तुझं उत्तर बरंच जास्त आलं आणि छड्या दोघांनीही खाल्ल्या. वर मास्तर म्हणाले, “शेजारच्या मुर्डीचे परांजपे १८९९ साली केंब्रिजात गणितात पहिले आले, आणि तुम्हाला दोरा लावता येत नाही!”

चूक कोणाचीच नव्हती रे. रिचर्डसन नावाच्या इंग्रजाने हेच पाहिलं होतं: माप जितकं आखूड, तितका किनारा लांब. मँडेलब्रॉ नावाच्या गणितज्ञाने १९६७ साली ब्रिटनचा किनारा घेऊन त्याचं गणित मांडलं. आपल्या देशाचा किनारा ७,५१६ किलोमीटर धरत, तो अलीकडे बारकाईने मोजल्यावर ११,०९८ भरला. नवी जमीन कुठून आली नाही, वळणं नि खाचा हिशेबात आल्या.

मग बसल्या बसल्या मी माप आखूड करत गेलो. होडीएवढं, कुर्लीएवढं, वाळूच्या कणाएवढं. पुढे नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. त्या मापाला वाळूचा कण म्हणजे सह्याद्रीच. आणखी खाली अणूपाशी गेलं की काठ असा उरतच नाही, इलेक्ट्रॉन अमुक जागी सापडण्याची नुसती शक्यता. मग आपण मार खाल्ला तो नक्की कशाच्या लांबीपायी?

अणूंच्या याच शक्यतांवर चालणारा संगणक असतो, क्वांटम संगणक. पुतण्या सांगतो, तो सगळी उत्तरं एकदम तपासतो. मला हे अर्धवट वाटतं. वाचायला गेलं की हाती एकच उत्तर येणार, तेही नशिबाने. करामत आहे ती लाटांची. आत येणारी लाट बाहेर पडणारीला भेटली की पाणी कुठे दुप्पट उसळतं, कुठे सपाट होतं. तशी चुकीची उत्तरं एकमेकांत जिरवायची, बरोबर तेवढं उसळवायचं. मोठ्या संख्यांचे अवयव पाडायची शोर नावाच्या गणितज्ञाची १९९४ ची रीत याच बळावर चालते. २००१ मध्ये सात क्युबिटांनी, म्हणजे अशा संगणकाच्या सात मूळ घटकांनी, तिने १५ चे अवयव पाडले: ३ आणि ५. हसू नकोस, पाढे न शिकलेल्या अणूंकडून काढून घेतलंय ते!

गणपतीला येशीलच. पावसाळ्यानंतर आमच्या मागच्या गडग्याची मोजणी ठरली आहे. मोजणीदार आला की आधी विचारणार, दोरा कुठला आणलात?

तुझा,
भाऊ