‘टेल्स ऑफ हॉफमन’ आपल्याकडेही मोठ्या पडद्यावर दाखवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या चित्रपटांच्या रिस्टोरेशनवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. एका मुद्द्यावर मात्र लेखकाशी मी सहमत नाही. परदेशी ऑपेरा आणि बॅलेवरचे चित्रपट कितीही निगुतीने नवे केले तरी मराठी प्रेक्षकाला ते परकेच वाटणार, असा त्यांचा सूर आहे. मी कथक शिकवते. ऑपेराचे शिक्षण मला नाही, त्यातली भाषा कळत नाही, सूर ओळखीचे नाहीत. तरीही १९५१ सालचा ‘द टेल्स ऑफ हॉफमन’ हा ब्रिटिश चित्रपट लेकीकडे लंडनला असताना रिस्टोअर केलेल्या प्रतीत पाहिला, तेव्हा त्यात शिरायला मला पाच मिनिटेही लागली नाहीत. असे का झाले असावे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे आणि तोच आपल्या वाचकांपुढे मांडते.

मायकेल पॉवेल आणि एमेरिक प्रेसबर्गर या जोडीने ‘द रेड शूज’नंतर (१९४८) तीन वर्षांनी हा चित्रपट केला. मूळ ऑपेरा जॅक ऑफेनबाखचा. न्यूरेंबर्गच्या एका मद्यगृहात हॉफमन नावाचा कवी जमलेल्या विद्यार्थ्यांना आपल्या फसलेल्या तीन प्रेमांच्या गोष्टी सांगतो. पहिली ऑलिंपिया, ती चावीची बाहुली निघते. दुसरी व्हेनिसची गणिका जुलिएटा, ती त्याचे आरशातले प्रतिबिंबच हिरावून घेते. तिसरी अँटोनिया, जिला गाण्याची बंदी आहे, कारण गायली तर तिचा जीव जाणार. ऑपेरा अपुरा ठेवून ऑफेनबाख १८८० च्या ऑक्टोबरमध्ये वारला आणि १० फेब्रुवारी १८८१ रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्याच ऑक्टोबरच्या ३१ तारखेला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगमंचावर आले होते. या दोहोंचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण पात्राने बोलता बोलता गाऊ लागावे आणि प्रेक्षकाने त्यात काही वावगे मानू नये, ही सवय मराठी माणसाला तेव्हापासून आहे. ऑपेरा पाहायला याहून वेगळी तयारी लागत नाही.

त्याहून जवळची गोष्ट म्हणजे हा चित्रपट ज्या पद्धतीने तयार झाला ती. आधी अख्खे संगीत ध्वनिमुद्रित झाले. सर थॉमस बीचम यांनी रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून ते वाजवून घेतले, आणि मग शेपर्टन स्टुडिओत ते लावून त्याच्या बरहुकूम चित्रण झाले. मुख्य भूमिका करणाऱ्यांपैकी रॉबर्ट राउन्सव्हिल (हॉफमन) आणि ॲन एअर्स (अँटोनिया) हे दोघेच स्वतःच्या गळ्याने गातात. बाकीचे बहुतेक नर्तक किंवा नट, त्यांचा आवाज दुसऱ्याचा. ऑलिंपिया नाचते मॉयरा शिअरर आणि गाते डोरोथी बाँड. जुलिएटाच्या रूपात दिसते ती लुडमिला चेरिना, ऐकू येते ती मार्गेरिता ग्रांदी. आता हे मराठी वाचकाला समजावून सांगायला हवे का? आपण पार्श्वगायनावरच वाढलो. पडद्यावरची बाई स्वतः गात नाही हे पक्के ठाऊक असूनही तिच्या गाण्याने आपले डोळे भरून येतात.

या पद्धतीचा आणखी एक फायदा झाला. चित्रण करताना आवाज टिपायचा नसल्यामुळे कॅमेऱ्याचा खडखडाट दाबणारी अवजड पेटी लावण्याची गरज उरली नाही. टेक्निकलर या रंगीत चित्रणाच्या जुन्या पद्धतीचा कॅमेरा मुळातच धिप्पाड. पेटी निघाल्यावर तो हलका झाला, नर्तकांच्या मागे फिरू लागला. संगीत आधी आणि चित्र नंतर, असा प्रयोग या जोडीने ‘ब्लॅक नार्सिसस’च्या (१९४७) शेवटाकडच्या एका प्रसंगापुरता केला होता. ‘हॉफमन’मध्ये पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत तेच आहे. त्यामुळे इथे कोणी दार उघडले, पेला उचलला, मान वळवली तरी ते लयीत होते. नाचणाऱ्याला हे लगेच कळते आणि न नाचणाऱ्यालाही जाणवल्याशिवाय राहत नाही.

ऑलिंपियाचा भाग तर नृत्य शिकणाऱ्या प्रत्येक मुलीने पाहावा. जादूचा चष्मा लावलेल्या हॉफमनला बाहुली ही जिवंत तरुणी वाटते. म्हणजे शिअररला एकाच वेळी दोघांसाठी नाचायचे आहे: त्याला ती मुलगी दिसली पाहिजे आणि आपल्याला बाहुली. तिचे गाणे ऐन रंगात असताना चावी उतरते. स्वर घसरू लागतो, त्याबरोबर अंगही ढिले पडत जाते. पुन्हा चावी दिली की जिथे थांबली होती तिथूनच ती उसळते, जणू तिहाई (तीनदा येणारा बोल) अर्ध्यावर सोडून नंतर नेमकी समेवर आणली. अंगातला जीव काढून घेणे आणि परत भरणे हे आम्ही विद्यार्थिनींना वर्षानुवर्षे समजावत असतो. शिअरर ते श्वासाच्या एका फरकाने दाखवते. आणि शेवटी तो चष्मा देणारा कोपेलियस चिडून तिचे तुकडे करतो तेव्हा सुटा झालेला पाय नाचतच राहतो, जमिनीवर पडलेल्या डोक्याच्या पापण्या अजून मिटत असतात. मी पाहिलेल्या कुठल्याही भयपटापेक्षा ते दृश्य मनात जास्त रुतून बसले आहे.

दुसरा भाग व्हेनिसचा. तिन्ही गोष्टींमधले चारही खलपुरुष (सुरुवातीचा लिंडॉर्फ धरून) रॉबर्ट हेल्पमन या एकाच नर्तकाने केले आहेत आणि प्रत्येकाचे डोळे वेगळे आहेत. इथे तो मेणबत्तीच्या वितळत्या मेणातून रत्ने घडवतो आणि त्यांच्या मोहात जुलिएटाला पाडतो. हॉफमन आणि जुलिएटाचा दुसरा प्रियकर श्लेमिल यांचे तलवारयुद्ध होते त्या वेळी तलवारींचा आवाज नाही, संवाद नाही. फक्त त्या ऑपेरातले प्रसिद्ध नौकागीत, शांत हेलकावे घेणारे, वाजत राहते. अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांनी स्वतःच्या चित्रपटांवर या प्रसंगाचा परिणाम झाल्याचे सांगितले आहे, आणि त्यांनी हा चित्रपट लहानपणी पहिल्यांदा पाहिला तो कृष्णधवल दूरचित्रवाणीवर! रंग गेल्यावरही जो मुलाला जागेवर खिळवून ठेवतो, तो चित्रपट नुसत्या नेपथ्याच्या जोरावर उभा नाही हे उघड आहे.

तिसरा भाग मला तेवढा भिडला नाही. तो संथ आहे, नृत्य कमी आहे. पैशाची सूत्रे हाती असलेल्या अलेक्झांडर कोर्डा यांना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवासाठी तो कापूनच टाकायचा होता. पॉवेल तयार झाले नाहीत, ते फार बरे झाले. कारण तिन्ही नायिकांपैकी फक्त अँटोनियाच पडद्यावर स्वतःच्या आवाजात गाते आणि गाण्यानेच मरते. पहिल्या दोन भागांतले उसने आवाज ऐकल्यावर हा खरा गळा कानावर पडतो, तेव्हा त्या संथपणाचेही कारण समजते.

आता रिस्टोरेशनबद्दल. पुष्कळांना वाटते, २००४ साली ‘मुगल-ए-आझम’ला रंग चढवले तसेच काहीतरी हे असावे. तसे नाही. तिथे कृष्णधवल चित्राला नंतर रंग दिले गेले. इथे मूळचेच रंग परत मिळवले आहेत. टेक्निकलरचा कॅमेरा एकाच वेळी तीन निगेटिव्हवर चित्रण करायचा, तिन्ही कृष्णधवल: एकीवर लाल रंगाची नोंद, एकीवर हिरव्याची, एकीवर निळ्याची. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे मिनिटाला १,४४०, आणि तीन पट्ट्यांच्या मिळून ४,३२०. सव्वादोन तासांच्या आसपासच्या चित्रपटाच्या फ्रेम पाच लाखांच्या वर जातात. काळाबरोबर या पट्ट्या आकसतात, आणि तिन्ही सारख्याच आकसत नाहीत. एक केसभर जास्त, एक कमी. मग त्या एकावर एक नीट बसत नाहीत आणि नर्तकीच्या बोटांभोवती, ओठांच्या कडेला नको त्या रंगाची झालर दिसू लागते. बॅलेच्या चित्रपटात बोटांची रेघ धूसर झाली तर काय उरले?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे राष्ट्रीय अर्काइव्ह, स्टुडिओकॅनाल आणि स्कॉर्सेसींची फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून नवी फोर-के (अतिशय बारीक तपशिलाची डिजिटल) प्रत तयार केली. स्कॉर्सेसींच्या संकलक आणि पॉवेल यांच्या पत्नी थेल्मा शूनमेकर यांचा त्यात मोठा वाटा होता. २०१५ मध्ये ती चित्रपटगृहांत आली. हाइन हेकरोथ या नेपथ्यकाराने प्रत्येक गोष्टीला स्वतःचा रंग दिला होता: ऑलिंपियाला पिवळा, जुलिएटाला लाल, अँटोनियाला निळा. तो विचार आता स्वच्छ दिसतो. पूर्वी कापले गेलेले काही भागही जोडले आहेत. त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो, तो म्हणजे अखेरीस पडद्यावरचे कलाकार आणि त्यांना आवाज देणारे गायक यांची एकत्र ओळख करून देणारा. आपल्याकडे ‘महल’च्या (१९४९) तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी कामिनी या पात्राचे नाव छापले होते. जवळपास त्याच काळात तिकडे गाणाऱ्याला पडद्यावर आणून उभे करण्याचे कोणाला तरी सुचले होते, आणि तो भाग इतक्या वर्षांनी पुन्हा पाहायला मिळतो आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शेवटी बीचम वाद्यवृंदाला थांबवतात, स्वरलिपीची वही मिटली जाते आणि तिच्यावर ‘मेड इन इंग्लंड’ असा शिक्का उमटतो. प्रेसबर्गर हंगेरीतले ज्यू, नाझींमुळे बर्लिन सोडून आलेले. हेकरोथ जर्मन. यात नाचलेले लिओनीद मासीन रशियन, हेल्पमन ऑस्ट्रेलियन, चेरिना फ्रेंच, राउन्सव्हिल अमेरिकन. ज्याच्या कथांवरून ऑपेरा बेतला तो हॉफमन जर्मन, आणि ऑफेनबाखचा जन्मही कोलोनचा. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झालेल्या इंग्लंडने या सगळ्यांच्या कामावर अभिमानाने आपला शिक्का मारला. कला परकी असते म्हणणाऱ्यांनी हा शिक्का जरूर पाहावा.

आपल्याला रिस्टोरेशनची किंमत वेगळी सांगायला नको. प्रभातने १९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचे धाडस केले, त्यासाठी जर्मनीपर्यंत गेले, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. आज तो चित्रपट पाहायला मिळत नाही. २००३ मध्ये पुण्यात फिल्मच्या साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचा मोठा ठेवा गेला. दुसरीकडे उदय शंकर यांचा ‘कल्पना’ हा नृत्यपट, जो ‘रेड शूज’च्याच वर्षीचा, फिल्म फाउंडेशनच्याच वर्ल्ड सिनेमा प्रोजेक्टने वाचवला आणि २०१२ मध्ये कान महोत्सवात दाखवला. ‘कल्पना’, ‘रेड शूज’ हे दोन्ही नृत्यपट आणि ‘हॉफमन’ एकापाठोपाठ पाहायला मिळाले, तर स्वतंत्र भारतातला नर्तक आणि युद्धानंतरचा युरोपीय नर्तक कॅमेऱ्यापुढे काय शोधत होते, हे आमच्या विद्यार्थ्यांना कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळेल.

म्हणून माझी विनंती. पुण्या-मुंबईतले चित्रपट महोत्सव आणि गावोगावच्या फिल्म सोसायट्या यांनी ही रिस्टोअर केलेली प्रत मागवावी. चित्रपट इंग्रजीत गायलेला असला तरी खाली अक्षरे हवीतच, कारण गाण्यातले शब्द कानाला चटकन कळत नाहीत. संपूर्ण चित्रपट लांब वाटत असेल तर शाळकरी मुलांसाठी फक्त ऑलिंपियाचा भाग लावावा; तो स्वतंत्रपणे पूर्ण आहे. मोबाइलवर पाहून मात्र याचा अंदाज बांधू नये, कारण त्या आकारात नर्तकाची पावले दिसत नाहीत. आपल्या वृत्तपत्राने पुढाकार घेऊन एक खेळ ठरवला, तर माझ्या वर्गातल्या सगळ्या मुली आणि त्यांचे पालक तिकीट काढून येतील, याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक वाचक, पुणे