त्यांना कसले हक्क, असं विचारलंस म्हणून

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

काल फॅमिली ग्रुपवर त्या लहान मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीखाली तू लिहिलंस की असल्या लोकांना कोर्टकचेरी कशाला, चौकात आणून लटकवा, वकीलच देऊ नका, त्यांना कसले हक्क. मामाने लगेच अंगठा दिला, काकूने हात जोडले. मी तिथे गप्प बसले कारण ग्रुपवर असं बोलणं होत नाही, नुसते इमोजी पडतात, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, वेळ काढून वाच. तुझ्या रागाबद्दल मला काही म्हणायचं नाही, लहान मुलीची तशी बातमी वाचून ज्याचं रक्त तापत नाही तो माणूस कसला. पण लटकवायचा तो माणूस तोच आहे हे ठरवायचं कुणी आणि कसं?

नाशिकची एक केस सांगते. २००३ साली तिथे एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला, पाच जणांचे खून, बलात्कार, ऐकवत नाही असा प्रकार. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ ला सेशन कोर्टाने सगळ्यांना फाशीची शिक्षा दिली, हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली, आणि २००९ ला सुप्रीम कोर्टाने परत सहाही जणांना फाशी सुनावली. याच्या वर कोर्ट नाही. आणि मग २०१९ च्या मार्चमध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने फेरसुनावणी करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्या रात्री वाचलेल्या बाईला पोलिसांनी लगेचच रेकॉर्डवरच्या गुन्हेगारांचे फोटो दाखवले होते, तिने चार जण ओळखले होते, ते चौघे या सहांमधले नव्हतेच, आणि त्यांच्याकडे तपास कधी वळलाच नाही! सोळा वर्षं आत काढली रे त्यांनी. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टाने प्रत्येकी ५ लाख भरपाई द्यायला लावली.

आता तुझ्या म्हणण्याप्रमाणे २००३ लाच चौकात उरकलं असतं तर? गावाला वाटलं असतं न्याय झाला. आणि ज्यांनी केलं ते मोकळेच. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, की चुकीच्या माणसाला शिक्षा झाली म्हणजे त्या बाईला न्याय मिळाला नाहीच, वर तिची फाइलसुद्धा बंद झाली.

शिक्षा कशासाठी याची दोन उत्तरं लोक देतात, एक म्हणजे ज्याने केलं त्याने भोगायला पाहिजे आणि दुसरं म्हणजे बाकीच्यांना जरब बसली पाहिजे. तू म्हणतोस ती जरब. पण नुसती जरबच हवी असेल तर निर्दोष माणूस लटकवूनही ती बसते, लोकांना तो दोषी वाटला की झालं. हे तुला पटतं का? नाही पटणार, माहितीये मला. म्हणजे तुझ्याही मनात कुठेतरी आहे की बाकी सगळ्यांचा कितीही फायदा होवो, एका माणसाला असं वापरता येत नाही. त्यालाच हक्क म्हणायचं. आणि जरबेचं म्हणशील तर इटलीतला विचारवंत बेकारिया १७६४ सालीच सांगून गेला की शिक्षा किती क्रूर यापेक्षा ती नक्की होणार या खात्रीने गुन्हे थांबतात.

मी इतकी वर्षं कोर्टात साक्षी टाइप केल्या. एक पंच आठवतो, साधा शेतमजूर. उलटतपासणीत वकिलाने विचारलं पंचनाम्यात काय लिहिलंय, तर म्हणाला मला वाचता येत नाही साहेब, इथे अंगठा कर म्हणाले, केला. मुद्देमाल कुठून निघाला हे त्याने बघितलंच नव्हतं. जजसाहेबांनी डिक्टेट केलं, मी टाइप केलं. वकील नसता तर तो प्रश्न कुणी विचारला असता? आणि तो आरोपीचा वकील होता बरं का, ज्याला तू देऊच नका म्हणतोस. राज्यघटनेच्या कलम २२ मध्ये आपल्या पसंतीचा वकील घ्यायचा हक्क आहे. मोठा गुन्हा झाला की बार असोसिएशनवाले वकीलपत्र घ्यायचं नाही म्हणून ठराव करतात, ते ठराव बेकायदेशीर आहेत असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच स्पष्ट सांगितलंय.

अजून एक. आधी कोण सापडतं ते बघ. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून आख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, आपल्या सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ठेवलं त्यांना, जन्मलेलं पोरसुद्धा गुन्हेगार, काही केलेलं असो नसो. १९५२ ला तो कायदा गेला पण चोरी झाली की पाल कुणाची उचकतात हे तुला मी सांगायला नको. १९८० साली फाशी घटनेत बसते का यावर निकाल झाला तेव्हा पाचातले एकटे न्यायमूर्ती भगवती विरोधात गेले, त्यांचं म्हणणं हेच की फाशी मनमानी पद्धतीने दिली जाते आणि जास्त करून गरिबाच्याच वाट्याला येते. मला ते पटतं. जन्मठेपेतला माणूस चूक कळली तर सोडता तरी येतो.

हैदराबादला एका तरुणीच्या बलात्कार-खुनातल्या चार संशयितांचं पोलिसांनी एन्काउंटर केलं २०१९ ला, तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली लोकांनी, तूही स्टेटस ठेवलं होतंस. पुढे आपल्या विदर्भातल्याच न्यायमूर्ती सिरपूरकरांच्या आयोगाने चौकशी केली आणि २०२२ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर आला, त्यात त्या चौघांना जाणूनबुजून गोळ्या घातल्या असा निष्कर्ष आहे आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा अशी शिफारस आहे. त्या चौघांनी ते केलं होतं की नाही हे आता कुठलंच कोर्ट सांगू शकणार नाही. त्या अहवालाची बातमी ग्रुपवर कुणीच टाकली नाही.

खटले लवकर संपत नाहीत हा तुझा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे, मी आयुष्यभर तारखा बघितल्यात. त्यासाठी जज भरा, फॉरेन्सिकच्या लॅब वाढवा, साक्षीदार फितूर होऊ नये म्हणून त्याला संरक्षण द्या, यावर बोल ना तू, मी तुझ्या बाजूने ग्रुपवर भांडायला येते.

तुझं काय म्हणणं आहे ते नीट लिहून पाठव, पण मला पर्सनलवर. आणि डबा वेळेवर खात जा.

तुझी,
आई