आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: हात थरथरायची वाट किती बघायची?

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

माझ्या यजमानांना पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात आहे. गेल्या मंगळवारी यांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी नेलं होतं. दोन एसट्या बदलायच्या, म्हणून वाटेतच गोळी दिली. तपासणाऱ्यांनी हात पुढे करायला लावले. गोळी लागू होती, हात स्थिर. "थरथर कुठंय? पुढच्या महिन्यात या." २०१६च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आहे, हे मी सांगितलं. कुणी मान वर केली नाही. परतताना गोळी उतरली आणि एसटीच्या पायरीपुढे यांचे पाय जमिनीला चिकटले. मागची माणसं ओरडत होती, कंडक्टर घंटी मारत होता.

साहेब, हा आजार थरथरीपासून सुरू होत नाही. कापड दुकानातली यांची बिलबुकं मी ठेवली आहेत. २०१६ला अक्षर ठसठशीत, २०१८ला मुंगीएवढं. त्याच्याही आधी झोपेत लाथा झाडायचे, किंचाळायचे. मी उशाखाली विळा ठेवला, अंगारा लावला. मग खांदा आखडला, तर दीड वर्ष नुसता शेक. निदान झालं २०२१ला. तोवर मेंदूतल्या, हालचाल सांभाळणारं डोपामीन हे रसायन बनवणाऱ्या निम्म्याच्या आसपास पेशी मेलेल्या असतात.

२०२४ला लंडन आणि जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी रक्तातल्या ८ प्रथिनांवरून, अशाच झोपेत हातपाय झाडणाऱ्या काही माणसांत, लक्षणांच्या ७ वर्षांपर्यंत आधी हा आजार हेरला. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. ही तपासणी अजून दवाखान्यात आलेली नाही, आजार थांबवणारं औषधही नाही, हे मला कळतं. पण ते औषध शोधायलाच लवकर सापडलेले रुग्ण लागतात. त्यांत आमच्या तालुक्यातलं कोण असणार? इथं मेंदूच्या डॉक्टरसाठी नव्वद किलोमीटर जावं लागतं.

जिल्ह्याला मेंदूविकारतज्ज्ञ द्या. आपल्या माणसांचे रक्तनमुने संशोधनात घ्या. रोजच्या गोळ्या मोफत द्या. ॲडमिट झालं तर योजना, घरी जगायचं तर स्वतःचा खिसा, हा कुठला न्याय? आपल्याकडे पोर विहिरीत पडल्यावर कठडा बांधतात, पूल वाहून गेल्यावर पाहणी करतात. आजाराचंही तेच. माणूस पुरता मोडलेला दिसल्याशिवाय कुणाचा विश्वास बसत नाही.

पुढची तारीख १४ आहे. त्या दिवशी यांना गोळी न देता आणू का? तेवढं लेखी कळवा.

आपली,
एका पार्किन्सन्स रुग्णाची पत्नी