वाद्यवृंदाची पट्टी आधीच कळवावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाद्यवृंदाचा कार्यक्रम ठरतो तेव्हा रचना, तालमी आणि तारखा वादकांना वेळेवर कळतात. सगळी वाद्ये ज्यावर मेळवतात तो ‘ए’ हा स्वर किती हर्ट्झचा धरायचा हे मात्र पितळी वाद्ये वाजवणाऱ्यांना बहुधा तालमीला बसल्यावरच समजते. हा आकडा निमंत्रणातच लिहिला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

१९३९च्या लंडन परिषदेने ४४० हर्ट्झची शिफारस केली आणि पुढे ते आंतरराष्ट्रीय मानकही झाले. तरी आज अनेक वाद्यवृंद ४४२ वर, तर बर्लिन आणि व्हिएन्नाचे ४४३ च्या आसपास मेळवतात. ४४० आणि ४४२ मधले अंतर जेमतेम आठ सेंटचे, म्हणजे अर्ध्या स्वराच्या बाराव्या हिश्शाएवढे आहे. सुमारे दीड मीटर नळीच्या ट्रंपेटवर तेवढे उतरायला मुख्य स्लाइड (नळीचा सरकता भाग) साडेतीन मिलिमीटर ओढली की पुरते, म्हणून हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) दाबल्यावर जोडल्या जाणाऱ्या नळ्यांची लांबी मूळ नळीच्या ठरावीक प्रमाणात असते (दुसऱ्या व्हॉल्व्हची सुमारे ६ टक्के, पहिल्याची १२, तिसऱ्याची १९), आणि मुख्य नळी लांबवली की त्या सगळ्याच प्रमाणात आखूड पडतात. ब्रिटनमधील ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत ४५२ च्या घरातल्या चढ्या पट्टीवर वाजत. ती वाद्ये ४४० वर आणताना केवळ मुख्य स्लाइड वाढवली, तर खुले (व्हॉल्व्ह न दाबता येणारे) स्वर जुळतात, पण पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून येणारे, मुळातच चढे असलेले स्वर आणखी चढतात. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हची स्लाइडही लांब करणे भाग असते.

वर जाणे त्याहून कठीण आहे, कारण स्लाइड पूर्ण आत गेली की पुढे जागाच उरत नाही. ट्रॉम्बोनला हवी तेवढी मोकळीक आहे असे मानणाऱ्यांनी त्याचे पहिले स्थान पाहावे; तिथे स्लाइड पूर्ण आतच असते. त्यात सभागृह गार असेल तर नळीतली हवा थंड होऊन सूर दर अंश सेल्सिअसला सुमारे तीन सेंट उतरतो. वाजवताना फुंकीची ऊब ते बरेचसे भरून काढते, पण दीर्घ विरामानंतर प्रवेश करणाऱ्या ट्यूबावादकाच्या हाती थंडगार वाद्यच असते. अशा वेळी ओठांच्या जोरावर सूर वर ओढला जातो, आणि आवाजाचा भरदारपणा नेमका तिथेच हरवतो. आवाज अधिक झळाळावा म्हणून पट्टी एखाददोन हर्ट्झ चढवणाऱ्या संचालकांनी याचा विचार जरूर करावा.

माझी सूचना अशी, की ऑर्गन किंवा व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचे वाद्य) यांसारखी, ज्यांचा सूर ऐनवेळी बदलता येत नाही अशी वाद्ये असतील तर त्यांच्यावरून आकडा ठरवावा, तो सभागृहाच्या अपेक्षित तापमानासह आधीच कळवावा, आणि पितळी वादकांना सूर लावण्यापूर्वी त्याच सभागृहात वाद्य तापवायला पुरेसा वेळ द्यावा.

आपला विश्वासू,
एक ट्रंपेटवादक