वाढदिवस, सामना, स्मारक आणि तिरंगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी सोसायटीच्या हॉलमध्ये मुलाचा वाढदिवस, रविवारी सकाळी गावातल्या हुतात्मा जवानाच्या स्मारकाला अभिवादन आणि दुपारी भारताचा सामना. असा शनिवार-रविवार अनेक पालकांच्या वाट्याला येतो. तिन्ही ठिकाणी मुलांच्या हाती तिरंगा असतो आणि तिन्ही ठिकाणी तो वेगवेगळ्या प्रकारे हाताळला जातो, बऱ्याचदा चुकीच्या. नियम नवे नाहीत. २००२ ची ध्वजसंहिता आणि १९७१ चा राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायदा यांत ते स्पष्ट आहेत, आणि सार्वजनिक ठिकाणी जाणूनबुजून केलेल्या अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण शिक्षेच्या धाकापेक्षा मुलांना नीट शिकवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

वाढदिवसाचं सोपं आहे. केशरी, पांढरे, हिरवे फुगे लावा, कुणाची हरकत नाही. नुसते रंग म्हणजे ध्वज नव्हे. मात्र ध्वज छापलेले पेपर नॅपकिन, रुमाल, उशांचे अभ्रे, ध्वजांची तोरणं नकोत. संहितेत ही नावं घेऊन मनाई आहे. कपकेकवर टोचायचे प्लॅस्टिकचे झेंडेही नकोत. ते शेवटी खरकट्याबरोबर पिशवीत जातात. तिरंगी केकचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि असा केक कापणं हा गुन्हा नाही, असं न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. तरीही अशोकचक्रावर सुरी फिरवायला मुलाला सांगू नये, असं माझं मत आहे.

सामन्याच्या वेळी गडबड काठीपासून सुरू होते. बऱ्याच मैदानांत काठी आत नेऊ देत नाहीत. मग ध्वज कमरेला गुंडाळला जातो, पायऱ्यांवर अंथरला जातो, पावसात डोक्यावर धरला जातो. कमरेखाली ध्वज नेसणं कायद्याने अवमान ठरतं, आणि तो जमिनीला लागता कामा नये. दोघांनी वरचे दोन कोपरे धरावेत, केशरी पट्टा वर, आणि हात दुखले की घडी करावी. दुसरी सर्रास दिसणारी चूक म्हणजे पांढऱ्या पट्ट्यावर गावाचं किंवा खेळाडूचं नाव रंगवणं. ध्वजावर कोणताही मजकूर चालत नाही, त्यामुळे आवडत्या फलंदाजाची सहीसुद्धा त्यावर घेऊ नये. नाव लिहायला साधं मांजरपाट वेगळं न्या. त्यावर एखाद्या मुलाने मुरलीकांत पेटकरांचं नाव लिहिलं तर मला फार आनंद होईल. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाला आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने भारतासाठी सुवर्णपदक जिंकलं.

खरी काळजी स्मारकाची. साताऱ्यातलं अपशिंगे (मिलिटरी) असो की व्हिक्टोरिया क्रॉसविजेते यशवंत घाडगे यांचा पुतळा असलेलं माणगाव, जवानांची आठवण जपणारी गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि नवे पुतळेही उभे राहतात. अनावरणासाठी पुतळ्यावर तिरंगा टाकू नये. त्यासाठी वेगळं कापड वापरावं आणि ध्वज बाजूला स्वतंत्र फडकवावा. भाषणाच्या टेबलावरही तो अंथरू नये. मंडळाचा झेंडा तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याला खेटून नको. ध्वज उलटा चढतो तो घाईमुळे: नेफ्याची दोन्ही टोकं सारखी दिसतात आणि अंधारात बांधणाऱ्याला केशरी बाजू कळत नाही. आदल्या संध्याकाळी, उजेडात, केशरीकडच्या दोरीला लाल दोरा बांधून ठेवावा आणि एकदा पूर्ण वर चढवून कप्पी अडकत नाही ना हे पाहावं. फुलांच्या पाकळ्या आत ठेवायला संहितेची परवानगी आहे, पण कोरड्या आणि मूठभरच. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटतात, डाग पडतात. घडीला सुरगाठ हवी. निरगाठ बसली की पाहुणे दोरी ओढत राहतात आणि कुणीतरी खांबावर चढतं. ध्वज झपकन चढवावा, उतरवताना सावकाश.

लष्करी अंत्ययात्रेत शवपेटीवर ध्वज असतो तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि दहनापूर्वी किंवा दफनापूर्वी तो काढून घेतात. ध्वज चितेवर जात नाही, मातीतही नाही. मुलं हे टीव्हीवर पाहतात आणि विचारतात. त्यांना एवढं उत्तर नक्की द्यावं.

घडीची रीत अशी: ध्वज आडवा धरा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा, मग पांढरा पट्टा दोन्ही बाजूंनी असा दुमडा की अशोकचक्र आणि दोन्ही रंगांचा थोडा भाग दिसेल. नंतर तळहातांवर आडवा घेऊन कपाटात. फाटलेला ध्वज फडकं म्हणून वापरू नये. खासगीत, आदराने, शक्यतो जाळून नष्ट करावा. कागदी झेंडे सामना संपल्यावर खुर्च्यांखालून गोळा करून याच रीतीने.

आपल्याला एक विनंती. राष्ट्रीय सणांच्या दिवशी वर्तमानपत्रं पानभर तिरंगा छापतात, आणि आठवड्याभरात ते पान रद्दीतून भेळेच्या पुड्याला येतं. त्या जागी घडीची आणि दोरी बांधण्याची चार चित्रं छापावीत, तीही सणाच्या आधी दोन दिवस, म्हणजे शाळांना आणि ग्रामपंचायतींना ती भिंतीवर लावता येतील.

आपला विश्वासू,
एक पालक, सातारा