मुक्तिसंग्रामाच्या फलकावर टेम्पेस्टच हवं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सप्टेंबर आला की आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत मराठवाडा मुक्तिसंग्रामाची प्रदर्शनं भरतात. अशाच एका प्रदर्शनात ‘पोलीस ॲक्शन’च्या, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानावर भारतीय लष्करानं केलेल्या कारवाईच्या फलकावर चक्क जेट विमानाचा फोटो चिकटवलेला पाहिला आणि राहवलं नाही, म्हणून हे पत्र. सप्टेंबर १९४८ मध्ये आपल्या हवाई दलाकडे एकही जेट नव्हतं. पहिली व्हॅम्पायर जेट विमानं आली ती त्या वर्षीच्या नोव्हेंबरात. हैदराबादच्या कारवाईत लढली ती हॉकर टेम्पेस्ट, प्रॉपेलरची विमानं. १३ सप्टेंबरला सोलापूरकडून निघालेली फौज नळदुर्ग घेऊन उमरग्यापर्यंत आली. दुसऱ्या दिवशी राजेश्वर गावाच्या वाटेवर शत्रू दबा धरून बसला होता, तो रस्ता टेम्पेस्टनी मोकळा करून दिला. उमरगा भागातल्या मुलांना तरी हे विमान नीट ओळखता यायला हवं.

आणि ते बघायला मिळतं! दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात टेम्पेस्ट जपून ठेवलेलं आहे, क्रमांक एचए ६२३. नांदेडहून सचखंड एक्सप्रेसनं आपली कितीतरी माणसं दिल्लीला जातात, लाल किल्ला आणि कुतुबमिनार बघून परततात. त्यांनी अर्धा दिवस पालमसाठी काढावा आणि या विमानाचे फोटो घेऊन यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

फोटो काढताना घाई मात्र करू नये. हँगरमध्ये विमानं दाटीवाटीनं उभी असतात, मागे सरकायला जागा नसते. मग सगळे मोबाइलची वाइड लेन्स लावतात आणि विमानाचं नाक फुगून शेपूट बारीक दिसायला लागते. टेम्पेस्टचं नाक मुळातच जाडजूड, आत सेंटॉरस हे १८ सिलिंडरांचं गोल इंजिन आहे. ते आणखी फुगवलं तर विमानाचा घाटच बिघडतो. त्यापेक्षा पूर्ण विमान एका चौकटीत मावलं नाही तरी चालेल. समोरून चार पात्यांचा प्रॉपेलर आणि त्यामागचं इंजिनाचं तोंड घ्यावं, पंखाच्या पुढच्या कडेला २० मिलिमीटर तोफांच्या जागा आहेत त्या जवळून घ्याव्यात. फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर रंगावर पांढरा डाग पडतो. हात टेकायला खांब किंवा कठडा शोधला की कमी उजेडातही फोटो हलत नाही. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक छतात दिवे चमकतात, तिथे पोलरायझर, म्हणजे लेन्सवर लावायचा चमक कमी करणारा फिल्टर कामाला येतो. पण काही छतांवर तो लावला की इंद्रधनुष्यासारखे पट्टे उमटतात, म्हणून आधी फिल्टर फिरवून बघावा.

विमानाच्या अंगावरचा क्रमांक आणि शेजारची माहितीपाटी, यांचा वेगळा फोटो घ्यायलाच हवा. क्रमांक हाताशी असला की ते विमान नेमकं कोणतं, याचा माग काढता येतो. तो नसेल तर पुढे फोटो कुणाच्याही हाती पडो, तो ‘जुनं विमान’ एवढंच म्हणणार. आपल्याकडे चौकांत आणि कॉलेजच्या आवारात ठेवलेल्या निवृत्त विमानांना हौसेनं ऑइलपेंट फासला जातो. त्यात क्रमांक झाकला गेला तर ते विमान कुठे उडालं, कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होतं, हे स्थानिक माणसाला कळायची सोयच उरत नाही. मला हे फार लागतं. रंग लावण्याआधी निदान चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत.

मराठवाड्यातल्या शिक्षण विभागांना आणि संस्थाचालकांना माझं सांगणं आहे की, येत्या १७ सप्टेंबरच्या फलकावर इंटरनेटवर सापडेल ते विमान लावू नका. टेम्पेस्टचाच फोटो लावा, खाली ‘हॉकर टेम्पेस्ट, एचए ६२३, पालम’ असं स्पष्ट छापा. मी काढलेले फोटो कोणत्याही शाळेला विनामूल्य द्यायला तयार आहे. आपल्या कार्यालयामार्फत विचारणा झाली तर लगेच पाठवीन.

आपला,
एक वाचक, उमरगा (जि. धाराशिव)